घरांतील चलच्चित्रांचें रूपांतर

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या कुटुंबांतून एका नव्या प्रकारचा संग्रह हळूहळू जमत आला आहे. पूर्वीं घरांत पूर्वजांची खूण म्हणजे देव्हाऱ्यांतील टांक, चार पोथ्या, जमाखर्चाच्या वह्या आणि फार तर भिंतीवरचें एखादें छायाचित्र. पुढें हातांत धरून चित्रण करण्याचा कॅमेरा आला; त्यास आपल्याकडे सरसकट हँडीकॅम असेंच म्हणूं लागले. त्यानें मुंजी टिपल्या, लग्नें टिपलीं, बारशीं, डोहाळजेवणें, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, सारें टिपलें. आज तो संग्रह कपाटाच्या खणांत पडून आहे. कांहीं भाग फितींच्या रूपानें, कांहीं लहान तबकड्यांच्या रूपानें, आणि पुष्कळसा संगणकाच्या एखाद्या कोपऱ्यांत, अर्थबोध न होणाऱ्या नांवांच्या फाइलींच्या रूपानें.

संग्रह आहे, परंतु तो कोणास दिसत नाहीं. आजीनें म्हणावें, "अरे, वासूची मुंज एकदां टीव्हीवर लाव पाहूं;" नातवानें ती फाइल कोऱ्या तबकडीवर उतरवून डीव्हीडीच्या यंत्रांत घालावी; आणि यंत्रानें पडद्यावर एवढेंच दाखवावें कीं ही तबकडी वाचतां येत नाहीं. हा अनुभव अनेक घरांतला आहे. मग नातू म्हणतो, "संगणकावर ये, तेथें दिसेल." आजीस संगणकापुढें खुर्चीवर फार वेळ बसवत नाहीं, लहान पडद्यावर माणसें ओळखूं येत नाहींत, आणि तो विषय तेथेंच राहतो. दिवाळी येते व जाते. मुंज खणांतच राहते.

हँडीकॅमची फाइल घरच्या डीव्हीडी यंत्रावर चालेल अशी कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ यंत्रविद्येचा दिसतो, आणि म्हणूनच वडील मंडळी तो मुलांवर सोपवितात व मुलें तो पुढें ढकलतात. आमच्या मतें हा गृहकृत्यांतील प्रश्न आहे. त्यांत दोन कामें एकमेकांत मिसळलीं आहेत, तीं प्रथम वेगळीं केलीं पाहिजेत. एक काम जतनाचें व दुसरें दर्शनाचें. जतन करावयाचें तें मूळ चित्रणाचें. तबकडी करावयाची ती वडील माणसांस दाखविण्यासाठीं, आणि तीही त्यांची दृष्टि व स्मृति शाबूत आहे तोंवर. हा भेद ज्यांनीं मनांत धरला त्यांस पुढील सर्व गोष्टी सुलभ होतील.

यंत्रास वाचतां कां येत नाहीं

आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं जुने कागद आहेत त्यांस एक अनुभव परिचित असेल. कागद उत्तम स्थितींत असतो, शाई फिकट झालेली नसते, भाषा तर आपली मराठीच असते; तरी पण त्यांतील एक ओळ आपल्यास लागत नाहीं, कारण तो कागद मोडींत आहे आणि मोडी वाचणारें माणूस घरांत उरलेलें नाहीं. येथें दोष कागदाचाही नाहीं व भाषेचाही नाहीं. लिपि आणि वाचक यांची ताटातूट झालेली असते. हँडीकॅमच्या फाइलीची व डीव्हीडी यंत्राची गोष्ट अगदीं अशीच आहे.

डीव्हीडीचें यंत्र प्रथम १९९६ च्या नोव्हेंबरांत जपानांत विक्रीस आलें. त्यास जी लिपि शिकविली ती त्या काळची, एमपेग-२ या नांवाची. हँडीकॅम मात्र पुढें पुढें जात राहिला. १९९५ सालीं मिनी डीव्ही ही लहान फीत निघाली. नंतर कॅमेऱ्यांतच बसणारी आठ सेंटिमीटर व्यासाची लहान तबकडी आली. नंतर कॅमेऱ्याच्या पोटांत संगणकासारखी हार्ड डिस्क बसली. आणि २००६ सालीं सोनी व पॅनासॉनिक या दोन जपानी कंपन्यांनीं एव्हीसीएचडी नांवाची पद्धति काढली, तींत एच.२६४ या नव्या लिपीनें चित्रण होऊं लागलें. या नव्या लिपीचे नियम २००३ सालीं ठरले. ज्या यंत्राची घडण १९९६ च्या नियमांवर झाली त्यानें २००३ ची लिपि वाचावी, ही अपेक्षाच अस्थानीं आहे.

लिपि ही काय वस्तु आहे, तें थोडें उलगडून सांगणें अवश्य आहे. आपल्या देशांतील टीव्हीच्या जुन्या पद्धतीनें, म्हणजे पालनें, एका सेकंदांत पंचवीस चित्रें दाखविलीं जातात, आणि डीव्हीडीच्या प्रत्येक चित्रांत रुंदीस ७२० व उंचीस ५७६ ठिपके असतात. गुणाकार केला तर एका सेकंदास एक कोटीहून अधिक ठिपके होतात. इतक्या ठिपक्यांची एकेक नोंद ठेवूं गेल्यास मुंजीचा घांसही एका तबकडीवर मावणार नाहीं. म्हणून संक्षेप करावा लागतो, आणि संक्षेपाची कला आपल्या परंपरेस नवीन नाहीं. पाणिनीनें सर्व स्वरांस मिळून 'अच्' म्हटलें व सर्व व्यंजनांस 'हल्' म्हटलें. शिवाय एका सूत्रांत आलेला शब्द पुढील सूत्रांत पुन्हा न लिहितां तो तेथें ओढून घ्यावयाचा, यास अनुवृत्ति म्हणतात. चलच्चित्राचा संक्षेप बहुतांशीं अनुवृत्तीनेंच होतो. एक चित्र पूर्ण लिहितात. पुढील दहा-बारा चित्रांत जें बदललें तेवढेंच लिहितात. बटूचा हात हलला तर हाताची नोंद. मागचा मांडव तसाच असेल तर तो मागील चित्रांतून ओढून घ्यावयाचा. साधारणपणें अर्ध्या सेकंदानें पुन्हा एक चित्र पूर्ण लिहितात.

एमपेग-२ व एच.२६४ या दोन्हींचें तत्त्व हेंच. परंतु दुसरीचे संक्षेपाचे नियम अधिक सूक्ष्म व अधिक संख्येचे आहेत, त्यामुळें तितक्याच जागेंत ती चांगलें चित्र बसविते. पण ज्यानें शिवसूत्रें पाठ केलीं नाहींत त्यास 'हल्' हा शब्द निरर्थक. त्याचप्रमाणें जुन्या यंत्रास एच.२६४ निरर्थक.

आणखी एक घोटाळा येथेंच दूर करावा. फाइलीच्या नांवाच्या शेवटीं जीं अक्षरें असतात, एमटीएस, एमओडी, एव्हीआय, एमपी४ इत्यादि, तीं बहुधा वेष्टनाचीं नांवें होत, आंतील लिपीचीं नव्हेत. दप्तराच्या रुमालाचा रंग पाहून आंतील कागद मोडींत आहे कीं बाळबोधांत हें जसें सांगतां येत नाहीं, तसेंच हें. कित्येक जण फाइलीच्या नांवाचीं शेवटचीं अक्षरें बदलून रूपांतर झालें असें समजतात. त्यांनीं केवळ रुमालावरची चिठ्ठी बदललेली असते.

तबकडीच्या अटी

घरच्या यंत्रास जी तबकडी मान्य आहे तिच्या अटी ठरलेल्या आहेत. चित्र एमपेग-२ लिपींत असावें, आकार पाल पद्धतीनें ७२० गुणिले ५७६ असावा, चित्राचा वेग सेकंदास ९.८ मेगाबिटांहून अधिक नसावा. ध्वनि सेकंदास ४८ हजार नमुन्यांचा असावा, आणि तो डॉल्बी डिजिटल किंवा असंक्षिप्त अशा कांहीं ठराविक रूपांतच असावा. हें सर्व जमलें तरी पुरे होत नाहीं. तबकडीवर 'व्हिडिओ टीएस' नांवाचा एक कप्पा असावा लागतो. त्यांत चित्रणाच्या फाइली आणि त्या कोठें सुरू होतात, किती प्रकरणें आहेत हें सांगणाऱ्या अनुक्रमणिकेच्या फाइली असाव्या लागतात. यंत्र प्रथम अनुक्रमणिका पाहतें व मग चित्रणाकडे वळतें. म्हणूनच फाइल नुसती कोऱ्या तबकडीवर उतरविली म्हणजे डीव्हीडी झाली असें होत नाहीं. तें सुटीं पानें एका पुड्यांत कोंबून त्यास ग्रंथ म्हणण्यासारखें आहे.

यावरून कामाचे दोन टप्पे स्पष्ट होतात. पहिला लिप्यंतराचा, दुसरा बांधणीचा. दोन्हीसाठीं पैसे न देतां मिळणारीं साधनें उपलब्ध आहेत. लिप्यंतरास एफएफएमपेग हें साधन सर्वांत समर्थ आहे. त्यास पाल डीव्हीडी असें लक्ष्य सांगितलें कीं वरील बहुतेक अटी तें आपण होऊन पाळतें. बांधणीस डीव्हीडीस्टायलर बरें. तें लिप्यंतरही आंतल्या आंत उरकून घेतें, प्रकरणें पाडतें व आरंभीं दाखवावयाची यादीही तयार करतें. नवीन संगणकांत तबकडीचा खण बहुधा नसतोच. त्यासाठीं बाहेरून तारेनें जोडावयाचा खण मिळतो. घरांतील महाविद्यालयांत जाणाऱ्या कोणाही मुलास अगर मुलीस हें काम दोन दिवसांत येईल.

मूळ कोणत्या रूपांत आहे तें पाहावें

कृति सर्वांस सारखी नाहीं. आपल्या खणांत काय आहे हें आधीं पाहावें.

मिनी डीव्हीची फीत असेल तर ती चालविणारा कॅमेरा पाहिजे, आणि तो संगणकास फायरवायर नांवाच्या तारेनें जोडावा लागतो. एका तासाची फीत उतरविण्यास एक तासच लागतो, व तिला संगणकांत सुमारें १३ गिगाबाइट जागा लागते. हें काम सर्वांत आधीं करावें. फिती सुस्थितींत असून त्यांचा कॅमेरा मात्र नादुरुस्त झाला, अशीं घरें आज पुष्कळ आहेत, आणि फायरवायरचें छिद्रही नव्या संगणकांत दिसत नाहीं. ज्या नातेवाइकाचा कॅमेरा चालू आहे त्याच्या घरीं सर्व भावंडांनीं आपापल्या फिती नेऊन एकदांच काम उरकावें, हें उत्तम.

आठ सेंटिमीटरची लहान तबकडी असेल तर ती मुळांतच डीव्हीडीच्या लिपींत असते. ती घरच्या यंत्रांत चालत नसेल तर बहुधा कारण एकच, कीं ती ज्या कॅमेऱ्यांत घेतली त्यांतच तिची समाप्ति करावयाची राहून गेली. इंग्रजींत यास फायनलाइज करणें म्हणतात. पोथी संपल्यावर समाप्तीची ओळ घालावी तसें हें आहे. कॅमेरा असेल तर आजच तें करून घ्यावें. मात्र ही लहान तबकडी ज्या यंत्रांत फटीतून आंत ओढली जाते अशा यंत्रांत कधींही घालूं नये. ती आंत अडकते. सरकणाऱ्या तबकांत लहान तबकडीसाठीं मध्यें खोलगट जागा असते, तेथेंच ती ठेवावी.

एमओडी नांवाच्या फाइली असतील, तर सुदैवच म्हणावयाचें. त्यांच्या आंत एमपेग-२ च असतें. चित्राचें लिप्यंतर करावें लागत नाहीं, केवळ बांधणी करावी लागते. येथें एकच सावधगिरी. रुंद पडद्यासाठीं घेतलेलें चित्रण असेल तर तो रुंदपणा कित्येकदां फाइलींत नोंदलेला नसतो, आणि मग लग्नांतील सारी मंडळी उपास केल्यासारखीं बारीक व उंच दिसूं लागतात. बांधणी करतांना सोळास नऊ हें प्रमाण आपण होऊन सांगावें.

एमटीएस फाइली असतील तर मात्र पुरें लिप्यंतर करावें लागतें, व येथेंच मुख्य गोष्ट घडते. या फाइलींतील पूर्ण आकाराच्या चित्रांत १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. वाचकांनीं हा गुणाकार स्वतः करून पाहावा. तो २० लक्ष ७३ हजार ६०० येतो. डीव्हीडीच्या चित्राचा गुणाकार ४ लक्ष १४ हजार ७२० येतो. म्हणजे बरोबर एक-पंचमांश. डीव्हीडी करतांना पांचांतील चार ठिपके आपण सोडून देतों, आणि ते पुन्हा कोणत्याही उपायानें परत मिळत नाहींत. घरच्या टीव्हीवर पाहतांना वडील माणसांस याची उणीव भासत नाहीं, हें खरें. परंतु ज्यांनीं डीव्हीडी झाली म्हणून मूळ फाइली पुसून टाकल्या त्यांनीं सारांश ठेवला व ग्रंथ जाळला. मूळ फाइली घेतांना कॅमेऱ्याच्या कार्डावरील सर्व कप्पे जसेच्या तसे उतरवून घ्यावेत, सुट्या फाइली वेंचूं नयेत. कारण लांब चित्रण कॅमेरा अनेक तुकड्यांत मोडून ठेवतो, आणि ते तुकडे कसे जुळावयाचे याची नोंद शेजारच्या कप्प्यांत असते.

चार व्यावहारिक सूचना

पहिली सूचना तबकडींत किती कोंबावें याविषयीं. साध्या एकपदरी तबकडीची धारणा ४.७ गिगाबाइट असते. तींत एक तास घातला तर चित्र उत्तम राहतें. दोन तास घातले तर प्रत्येक सेकंदाच्या वांट्यास सुमारें ५ मेगाबिट येतात व चित्र समाधानकारक राहतें. तीन तास घातले तर साडेतीनच येतात, आणि अक्षता उडतात तेथें पडद्यावर चौकोनी ठिगळें दिसूं लागतात. अक्षतांचा प्रत्येक दाणा नवा, प्रत्येकाची वाट निराळी. अनुवृत्तीनें घ्यावें असें त्यांत कांहीं नसतें, म्हणून संक्षेप तेथेंच फसतो. तबकडी स्वस्त आहे. लग्नाच्या दोन कराव्यात.

दुसरी सूचना ओळींच्या क्रमाविषयीं. हँडीकॅमचें चित्र पुष्कळदां दोन अर्धांनीं घेतलेलें असतें. आधीं एकाआड एक ओळी, मग राहिलेल्या. मिनी डीव्ही खालच्या ओळींपासून आरंभ करतें, एव्हीसीएचडी वरच्या ओळींपासून. लिप्यंतरांत हा क्रम उलटला तर उभा माणूस ठीक दिसतो, पण चालूं लागला कीं थरथरतो. तबकडी करण्यापूर्वीं ज्यांत कोणी चालत आहे, फेर धरला आहे, असा दोन मिनिटांचा तुकडा पाहून घ्यावा.

तिसरी सूचना परदेशस्थ मंडळींसाठीं. अमेरिकेंतून आणलेला कॅमेरा तेथील एनटीएससी पद्धतीनें सेकंदास सुमारें तीस चित्रें घेतो. त्याचें ओढून ताणून पंचवीसांत रूपांतर केल्यास हालचालींत झटके बसतात. म्हणून त्याची तबकडी एनटीएससी पद्धतीचीच करावी. आपल्याकडील यंत्रें व टीव्ही सामान्यतः दोन्ही पद्धति चालवितात. उलट येथून न्यू जर्सीस किंवा कॅलिफोर्नियास मुलीकडे पाल तबकडी पाठविली तर तेथील पुष्कळ यंत्रें ती घेत नाहींत. तिला तबकडीऐवजीं फाइलच पाठवावी.

चौथी सूचना तबकडीच्या प्रकृतीविषयीं. घरीं लिहिलेल्या तबकडींत एक सेंद्रिय रंगाचा थर असतो. लेझरचा किरण त्यावर खुणा करतो. हा रंग उन्हानें, उष्णतेनें व दमट हवेनें बिघडतो. कोंकणांतील पावसाळा व नागपूरचा उन्हाळा दोन्ही त्यास वर्ज्य. तबकडी मध्यम वेगानें लिहावी, तीवर कागद चिकटवूं नये, टोंकदार लेखणीनें नांव घालूं नये. मऊ टोंकाच्या शाईच्या पेनानें मधल्या कड्याशीं लिहावें. आणि ती संगणकांत चालली म्हणून समाधान मानूं नये. ज्या घरीं, ज्या यंत्रांत वडील माणसें पाहणार त्याच यंत्रांत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून पाहावी.

ध्वनीची हेळसांड

आतां एक गोष्ट थोड्या तक्रारीच्या सुरांत सांगणें भाग आहे. चित्रणाचें रूपांतर दुकानांत करून घेण्याची पद्धति आहे, व त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें आपल्या घरच्या लग्नाच्या फिती अशाच एका दुकानांत दिल्या. तबकडी आली ती चकचकीत. कागदावर वधूवरांचीं नांवें सोनेरी अक्षरांत. लावून पाहतात तों मंगलाष्टकांच्या वेळीं सनईही नाहीं, मंत्रही नाहींत. आरंभापासून शेवटपर्यंत चित्रपटांतील गाणीं. त्या लग्नांत मंगलाष्टकें मुलीच्या आजोबांनीं स्वतः म्हटलीं होतीं. ते आज हयात नाहींत. पडद्यावर त्यांचे ओंठ हलतांना दिसतात, आणि ऐकूं येतो तो कोणा पार्श्वगायकाचा आवाज. फिती परत मिळाल्या होत्या म्हणून आजोबांचा आवाज वांचला. त्या दुकानांतच राहिल्या असत्या तर तो कायमचा गेला असता.

मुद्दाम सांगावयाचें तें हें कीं, घरच्या चित्रणांत चित्राइतकाच, कदाचित् त्याहूनही अधिक मोलाचा भाग ध्वनि हा आहे. चेहरा छायाचित्रांतही राहतो. आईची हांक मारण्याची तऱ्हा, काकांचें खोकून मग बोलणें, जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आत्याबाईंचा स्वर, घरांत त्या काळीं चालणारी बोली, हें दुसऱ्या कोठें राहात नाहीं. दुकानदारास काम देतांना दोन अटी लेखी घालाव्यात: मूळ ध्वनीवर कांहींएक चढवावयाचें नाहीं, आणि मूळ फिती व संगणकांत उतरवून घेतलेल्या फाइली तबकडीबरोबर परत करावयाच्या. ज्यास या अटी मान्य नसतील त्याच्याकडे जाऊं नये.

तबकडीचेंच आयुष्य थोडें असतां

कोणी म्हणेल, डीव्हीडीचें युगच संपत आलें असतां एवढा खटाटोप कशास? आक्षेप रास्त आहे. व्हीसीआर करणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैमध्यें तें काम थांबविती झाली. मिनी डीव्हीच्या कोऱ्या फितींचें उत्पादन सोनीनें २०२५ च्या फेब्रुवारींत बंद केलें. डीव्हीडीच्या यंत्राचीही हीच गति होणार, यांत शंका नाहीं.

परंतु यांतून निघणारें अनुमान तबकडी करूं नये असें नाहीं. तबकडीवर विसंबूं नये असें आहे. आपल्या देशांत ताडपत्रें व भूर्जपत्रें यांवर लिहिलेले ग्रंथ आजवर टिकले ते तीं पानें अमर होतीं म्हणून नव्हे. पानें जीर्ण होण्यापूर्वीं कोणीतरी नवी प्रत केली, म्हणून ग्रंथ टिकला. पुष्कळ लेखक प्रतीच्या अखेरीस लिहून ठेवीत कीं समोर जसें होतें तसें उतरविलें आहे, शुद्धाशुद्धाचा दोष माझा नव्हे. ती वृत्ति येथेंही उपयोगी आहे. मूळ फाइल जशीच्या तशी, एक अक्षरही न बदलतां, नव्या साधनावर उतरवीत राहावें. एक प्रत आपल्या संगणकांत, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गांवीं भावाच्या अगर बहिणीच्या घरीं. पांच-सात वर्षांनीं प्रत्येक प्रत उघडून पाहावी व नव्या साधनावर घ्यावी. एवढें केलें तर डीव्हीडीचें यंत्र गेलें तरी आपलें कांहीं गेलें असें होत नाहीं. ज्यांच्या घरीं नवा टीव्ही आहे त्यांनीं एमपी४ वेष्टनांतली एक प्रत करून ती पेनड्राइव्हनें लावावी. ती चालेल, व चित्रही अधिक चांगलें दिसेल.

तरी पण ज्या घरांत अजून डीव्हीडीचें यंत्र आहे, आणि घरांतील वृद्ध माणसास त्याचें एक बटन दाबण्याची संवय आहे, तेथें तबकडी अवश्य करावी. पेनड्राइव्हमधील चाळीस फाइलींच्या यादींतून हवी ती निवडणें आपल्यास सोपें वाटतें. सत्तरीपुढच्या माणसास तें सोपें नाहीं, आणि प्रत्येक वेळीं नातवास हांक मारणें त्यांस आवडत नाहीं. तबकडी घातली, बटन दाबलें, मुंज सुरू झाली, हा स्वाधीनपणा त्यांस मिळाला पाहिजे. म्हणून आरंभींची यादी साधी करावी, अक्षरें मोठीं व मराठींत घालावीं, आणि एका तबकडीवर एकच प्रसंग ठेवावा.

यंत्रास न साधणारें काम

सर्व लिप्यंतरें यथासांग झालीं तरी एक काम शिल्लक राहतें, व तें कोणतेंही साधन करूं शकत नाहीं. वीस वर्षांपूर्वींच्या मुंजींत मांडवाच्या खांबाशीं टेकून उभी असलेली, नऊवारी नेसलेली ती बाई कोण? भिक्षावळींत पहिली भिक्षा कोणी घातली? उपाध्याय कोणत्या गांवचे? पंगतींत आग्रह करीत फिरणारा तो तरुण आपल्या कोणत्या शाखेचा? फाइलीच्या नांवांत पांच आंकडे असतात. त्यांतून यांपैकीं एकाचाही उलगडा होत नाहीं. हें घरांतल्या दोघां-तिघां वडील माणसांसच ठाऊक असतें. तीं गेल्यावर चित्र स्वच्छ दिसत राहील, आवाज स्पष्ट ऐकूं येत राहील, आणि पाहणारास त्यांतलें निम्में माणूस परकें वाटेल. मोडी कागदाची जी गति झाली तीच याची होईल. फरक इतकाच कीं मोडी शिकतां येते, आणि आजीची ओळख कोणास शिकतां येणार नाहीं.

म्हणून ज्या दिवशीं तबकडी तयार होईल त्या दिवशीं ती आजीच्या हातीं देऊन मोकळें होऊं नये. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर सर्वांनीं एकत्र बसावें. एकानें वही घ्यावी. पडद्यावर जो जो चेहरा येईल त्याचें नांव, नातें, गांव, आणि आठवत असेल ती एखादी गोष्ट, तबकडीवरील मिनिटांच्या आंकड्यासह लिहून घ्यावी. "थांबव, थांबव, ही आमची यमूमावशी," असें आजी म्हणाली कीं चित्र थांबवावें व तिला बोलूं द्यावें. दोन तासांची मुंज पाहावयास चार रात्री लागल्या तरी लागूं द्याव्यात. ती वही टंकून मूळ फाइलींच्या शेजारीं ठेवावी, व तिची एक छापील प्रत तबकडीच्या डब्यांत घालावी.

या कामास मुहूर्त लागत नाहीं. खणांतल्या फिती आज मोजाव्यात, कॅमेरा चालतो कीं नाहीं तें आज पाहावें, आणि ज्या प्रसंगांतील माणसें आतां सर्वांत वृद्ध आहेत तो प्रसंग प्रथम घ्यावा. यंत्रें आणखी कांहीं वर्षें दुरुस्त होत राहतील. नांवें सांगणारीं माणसें तितकीं वर्षें थांबतीलच असें नाहीं.